मोठ्या शहरात चांगला व्हेज बर्गर शोधायचा कसा?

पूर्णविराम

नोकरीच्या निमित्ताने मी आणि माझी पत्नी अलीकडेच एका मोठ्या शहरात राहायला आलो आहोत. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि पत्नी अंडेही खात नाही. इथे बर्गर मिळणाऱ्या रेस्टॉरंटांना तोटा नाही आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मेन्यूवर एखादा तरी व्हेज बर्गर असतोच. परंतु ताटात येते ते बहुधा तीन प्रकारांपैकी एक असते. पहिला प्रकार म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला बटाट्याचा मऊ गोळा, ज्याला वरच्या मसाल्याखेरीज स्वतःची अशी चव नसते. दुसरा म्हणजे घेवड्याचा लगदा, जो पहिला घास घेताच बनच्या मागच्या बाजूने बाहेर येतो. तिसरा म्हणजे कारखान्यातून गोठवून आलेली चकती, जी मध्यभागी कोमट आणि कडेला चिवट असते.

विशिष्ट हॉटेलांची नावे मी मागत नाही. इथले सदस्य ठिकठिकाणी राहतात, शिवाय हॉटेलांचे आचारी आणि मेन्यू सतत बदलत असतात. मला हवी आहे ती पद्धत. जाण्याआधी मेन्यूवरून काही अंदाज बांधता येतो का? वेटरला नेमके काय विचारावे? आणि मांसासारख्या लागणाऱ्या ज्या नव्या पॅटी निघाल्या आहेत त्यांच्या मागे लागावे, की भाज्या आणि कडधान्यांच्या पॅटीच शोधाव्यात?

शेगडी

काही वर्षे हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलेले असल्यामुळे आतल्या बाजूने उत्तर देतो.

सर्वांत आधी मेन्यूवरचे वर्णन पाहावे. मांसाच्या बर्गरखाली चीज कोणते, कांदा कसा परतला आहे, सॉसमध्ये काय आहे इथपर्यंत तपशील दिलेले असतील आणि शाकाहारी बर्गरखाली नुसते ‘व्हेज पॅटी’ एवढेच लिहिले असेल, तर त्या पॅटीचा तिथे कोणी विचार केलेला नाही असे खुशाल समजावे. याउलट ‘काळा घेवडा, भाजलेले बीट, अक्रोड’ असे घटक दिलेले असतील, तर ती पॅटी तिथे कोणीतरी स्वतः बनवते किंवा निदान चवीने निवडून आणते. ‘कोणत्याही बर्गरमध्ये मांसाऐवजी व्हेज पॅटी मिळेल’ अशी तळटीप मला कधीच आश्वासक वाटलेली नाही. ते चीज, ते सॉस आणि ते लोणच्याचे काप मांसाची चरबी व मीठ डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असतात. त्यांच्या खाली कडधान्याची सौम्य पॅटी ठेवली की तिची चव पार दबून जाते.

आता तुम्ही सांगितलेले पहिले दोन प्रकार का घडतात ते पाहू, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे पाणी. मांस तापले की त्यातली प्रथिने आवळली जातात आणि पॅटी आपोआप बांधली जाते. भाज्या-कडधान्यांत असे काही होत नाही; तिथे बांधणारा पदार्थ बाहेरून घालावा लागतो आणि मुख्य म्हणजे आधी ओलावा काढून टाकावा लागतो. मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते. ते बारीक चिरून, कढईत गर्दी न करता, सुटलेले पाणी पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत परतावे लागतात. शिजवलेला घेवडा निथळून, ट्रेमध्ये पसरून, साली तडकेपर्यंत ओव्हनमध्ये सुकवावा लागतो. घाईच्या स्वयंपाकघरात या कामाला वेळ नसतो, म्हणून ओल्या मिश्रणात उकडलेला बटाटा, ब्रेडचा चुरा किंवा पीठ ओतले जाते. पाणी शोषून घेण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बटाट्याच्या गोळ्याचा उगम बहुतेक वेळा तिथेच असतो.

तळण्याचा संबंधही याच्याशीच आहे. पदार्थाला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, तो मेयार्ड अभिक्रियेमुळे येतो आणि ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. त्यामुळे ओली पॅटी तव्यावर कितीही वेळ ठेवली तरी ती भाजली न जाता नुसती वाफवली जाते, तव्याला चिकटते आणि उलटताना मोडते. त्यावर स्वयंपाकघराने काढलेली पळवाट अशी की तिला ब्रेडच्या चुऱ्यात घोळवावे आणि तळून काढावे. तळलेल्या सगळ्याच पॅटी वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. पण तव्यावर उघडी भाजलेली आणि तरीही एकसंध राहिलेली पॅटी दिसली, तर मागे कोणीतरी नीट मेहनत घेतलेली आहे हे नक्की.

ताटात आल्यावर पारख करायची असेल तर बर्गर सुरीने मधोमध कापावा. चांगल्या पॅटीच्या कापावर वरखाली एक पातळ गडद कड दिसते आणि आत घेवड्याचे अर्धे दाणे, अक्रोडाचे तुकडे, भाताचे शीत असे काहीतरी वेगवेगळे ओळखू येते. सगळा काप एकाच रंगाचा आणि सुरीला चिकटणारा असेल तर मिश्रण मिक्सरमध्ये पार गुळगुळीत केले गेले आहे. बनकडेही लक्ष द्यावे. मऊ पॅटीला कडक पावात घातले की चावताना पाव दबत नाही आणि आतला ऐवज बाहेर ढकलला जातो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रकारात दोष निम्मा पॅटीचा आणि निम्मा पावाचा असण्याची शक्यता आहे. बनच्या आतल्या बाजू भाजलेल्या असाव्यात, म्हणजे सॉस लगेच मुरत नाही.

वेटरला ‘पॅटी इथेच बनवता का?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्याला होकार सर्वत्र मिळतो. ‘पॅटीत काय काय घालता?’ असे विचारावे. जो लगेच चार घटक सांगतो किंवा ‘विचारून येतो’ म्हणून खरोखर आत जातो, त्याच्याकडे मागवावे. ‘मिक्स भाज्या’ हे उत्तर आले तर दुसरे काहीतरी मागवलेले बरे.

रसनावंत

शेगडी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. शोध घेण्याच्या बाबतीत थोडी भर घालतो.

नकाशांवर हॉटेलाला जे तारे मिळालेले असतात ते तुमच्या कामाचे नाहीत. बर्गरच्या हॉटेलाला मत देणारे बहुसंख्य लोक मांसाचा बर्गर खाऊन मत देतात, त्यामुळे साडेचार तारे असलेल्या ठिकाणीही व्हेज बर्गर हजेरीपुरता असू शकतो. त्याऐवजी परीक्षणांच्या आतच ‘व्हेज बर्गर’, ‘बीन’, ‘मशरूम’ असे शब्द टाकून शोधावे आणि नव्यात नवी परीक्षणे आधी वाचावीत, कारण आचारी सोडून गेला की जुनी स्तुती निरुपयोगी ठरते. ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’ ही विशेषणे सोडून द्यावीत. पॅटी मोडली, कोरडी होती, मधे थंड होती, घेवड्याचे दाणे लागत होते, असे काही ज्याने लिहिले आहे त्याचे परीक्षण मोलाचे. छायाचित्रे पाहताना हॉटेलने टाकलेली वगळून ग्राहकांनी टाकलेली पाहावीत, आणि त्यांतही अर्धवट खाल्लेल्या बर्गरचे छायाचित्र सापडले तर ते सोडू नये. वरून कितीही देखणा बर्गर असला तरी पॅटी कशी आहे ते चावल्यावरच दिसते. कड अगदी यंत्रात कापल्यासारखी गोल आणि सगळ्या छायाचित्रांत तंतोतंत सारखी असेल तर ती बाहेरून आलेली आहे असे मानायला हरकत नाही.

हॅपीकाऊ हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे आणि त्यात वीगन, शाकाहारी आणि शाकाहारी पर्याय असलेली अशी हॉटेलांची वर्गवारी केलेली असते. मात्र पूर्ण शाकाहारी हॉटेल म्हणजे चांगला बर्गर असे समीकरण मांडू नये. तिथेही गोठवलेल्या पॅटी सर्रास वापरल्या जातात; फरक इतकाच की तव्याची आणि तेलाची चिंता राहत नाही.

माझा कल छोट्या मेन्यूकडे असतो. वीस बर्गर विकणारे हॉटेल शाकाहारी पॅटीसाठी वेगळा वेळ देईल हे कठीण दिसते. जिथे एकच शाकाहारी पॅटी रोज ठरावीक प्रमाणात बनते तिथे ती रात्री उशिरा संपलेली असते, आणि ‘आज संपला’ हे उत्तर मला तरी शुभशकुन वाटते, कारण शीतकपाटातली गोठवलेली चकती सहसा संपत नाही. केवळ बर्गरच्याच हॉटेलांत शोधत राहू नये हेही सुचवतो. ज्या स्वयंपाकघरात एरवीही कडधान्ये शिजतात आणि पाव तिथेच भाजला जातो, तिथला बर्गर मेन्यूच्या एका कोपऱ्यात असूनही पुष्कळदा सरस निघतो.

शाकंभरी

तुमच्या पत्नी अंडे खात नाहीत, म्हणून चवीच्या आधीचा हा भाग महत्त्वाचा आहे. ‘हे शुद्ध शाकाहारी आहे ना?’ असा एकच प्रश्न विचारल्यास वेटर पॅटीपुरता विचार करून हो म्हणतो, आणि त्यात त्याचा अप्रामाणिकपणा नसतो. म्हणून बन, पॅटी, सॉस, चीज आणि भाजण्याची जागा यांची चौकशी वेगवेगळी करावी.

बनपासून सुरुवात करा. ब्रियॉश प्रकारच्या बनच्या पिठात पारंपरिक पद्धतीने अंडी आणि लोणी दोन्ही असते. इतर बनवर जी तकाकी दिसते तीही अनेकदा भाजण्यापूर्वी लावलेल्या अंड्याची असते. पॅटी बांधण्यासाठी अंडे घालणे अगदी सामान्य आहे. त्याऐवजी काही ठिकाणी जवसाची पूड, बेसन किंवा चणे शिजवलेले पाणी वापरतात. क्वॉर्न नावाची बुरशीजन्य प्रथिनांची उत्पादने १९८५ पासून बाजारात आहेत आणि शाकाहारी म्हणूनच विकली जातात, परंतु त्यांतल्या अनेकांत अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडेविरहित प्रकार वेगळे मिळतात. मेयोनीजमध्ये अंडे असते हे सर्वांना ठाऊक आहे, पण ‘स्पेशल सॉस’, ‘हाऊस सॉस’ या नावांखाली बहुधा मेयोनीजच असते हे लक्षात येत नाही. वूस्टरशर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँकोव्ही हे मासे असतात, आणि मशरूमच्या पॅटीला किंवा बार्बेक्यू सॉसला खोल चव यावी म्हणून हा सॉस हमखास वापरला जातो. चीजच्या बाबतीत, दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले आहे की सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले, हे वेटरला सांगता येणे कठीण असते. अस्सल पार्मिजानो रेजानोमध्ये ते प्राणिजन्यच असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज न घालायला सांगणे सोपे.

राहिला तव्याचा प्रश्न. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्गर किंगने इम्पॉसिबल व्हॉपर हा वनस्पतिजन्य पॅटीचा बर्गर देशभर आणला, तेव्हा ती पॅटी मांसाच्या पॅटींच्याच भट्टीतून भाजून निघत असे आणि तसे नको असल्यास ग्राहकाने वेगळ्या पद्धतीने शिजवून मागावे अशी सोय होती. म्हणजे पर्याय असतो, पण तो मागावा लागतो. तळलेल्या पॅटीबाबत आणि सोबतच्या फ्रेंच फ्राइजबाबत तेल वेगळे आहे का हेही विचारावे. हे सगळे गर्दीच्या वेळी काउंटरवर उभे राहून विचारले तर घाईघाईची उत्तरे मिळतात. दुपारचे जेवण आटोपल्यावर आणि संध्याकाळची वर्दळ सुरू होण्याआधी फोन करावा. त्या वेळी फोनवरचा माणूस आचाऱ्याला विचारून सांगू शकतो.

पूर्णविराम

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बनवरच्या तकाकीचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. मांसासारख्या पॅटींविषयीचा माझा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. त्या सगळीकडे सारख्याच लागतात का? तसे असेल तर अनोळखी ठिकाणी त्याच मागवणे अधिक सुरक्षित ठरेल काय?

तळटीप

माझ्या मते होय, निदान राखीव पर्याय म्हणून. अशा पॅटी बनवणारी बियाँड मीट ही कंपनी २००९ ची आणि इम्पॉसिबल फूड्स २०११ ची. दोघींचे बर्गर २०१६ मध्ये ग्राहकांसमोर आले. बियाँडच्या पॅटीचा आधार वाटाण्याची प्रथिने हा आहे आणि तिला लाल रंग बिटामुळे येतो. इम्पॉसिबलने सुरुवातीला गव्हाची प्रथिने वापरली आणि २०१९ मध्ये ती बदलून सोयाबीनची घेतली. तिची मांसासारखी चव लेगहिमोग्लोबिनमुळे येते. हा पदार्थ मुळात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत असतो. त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून, ते यीस्ट आंबवून तो मोठ्या प्रमाणावर तयार केला जातो.

या पॅटी कच्च्या अवस्थेतच ठरावीक दर्जाच्या येतात, त्यामुळे स्वयंपाकघराच्या हातात फक्त भाजणे उरते. मेन्यूवर उत्पादनाचे नाव लिहिलेले असेल तर काय मिळणार हे तुम्हाला आधीच कळते, आणि वर शेगडी यांनी ज्या तळटिपेविषयी तक्रार केली आहे ती अदलाबदल या पॅटींच्या बाबतीत बऱ्यापैकी जमते. मात्र त्या गरम असतानाच खाव्यात. त्यांत बांधणीसाठी मिथाइलसेल्युलोज असते, जे तापल्यावर घट्ट होते आणि निवल्यावर पुन्हा सैल पडते. खोबरेल तेलासारखी जी स्निग्ध द्रव्ये त्यांतल्या काहींत घातलेली असतात, ती याउलट निवल्यावर गोठतात. त्यामुळे गप्पांच्या नादात बर्गर तसाच राहिला की तो मऊ आणि मेणचट लागतो, आणि त्यात आचाऱ्याचा काही दोष नसतो.

शेगडी

तळटीप यांचा तांत्रिक भाग मान्य आहे, परंतु सल्ला सरसकट लागू करू नये असे वाटते. ज्यांनी मांस सोडले आहे त्यांना ती चव हवीहवीशी वाटते. जन्मापासून शाकाहारी असलेल्यांपैकी अनेकांना तोच वास पहिल्या घासाला नकोसा होतो. ताट तसेच परत आलेले मी पाहिलेले आहे, आणि परत पाठवणाऱ्याची तक्रार पुष्कळदा हीच असे की ‘हे नक्की शाकाहारी आहे ना?’ तुमच्या पत्नींनी आधी एखाद्या ठिकाणी तुमच्यातला एक घास चाखून पाहावा.

शिवाय मांसाची नक्कल करणे हे व्हेज बर्गरचे मूळ उद्दिष्ट होते असेही नाही. ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ मध्ये लंडनमध्ये ‘व्हेजबर्गर’ या नावाने बाजारात आणले ते पाणी घालून भिजवायचे कोरडे मिश्रण होते. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पॉल वेनर यांचा गार्डनबर्गर त्याच दशकाच्या आरंभी त्यांच्या हॉटेलातल्या उरलेल्या भात-भाज्यांमधून जन्माला आला. त्या घराण्याची चांगली पॅटी मिळाली तर ती मला आजही प्रयोगशाळेतल्या पॅटीहून उजवी वाटते. अर्थात ही आवडीची बाब झाली.

गरमागरम

घरपोच मागवण्याविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात. बंद डब्यात बर्गरची वाफ बर्गरवरच उतरते, तळलेले आवरण मऊ पडते आणि भाजलेला बन ओला होतो. सॉस आणि टोमॅटो वेगळे मागवावेत आणि हॉटेल जवळचे निवडावे. नवीन ठिकाणचा पहिला बर्गर मात्र तिथे बसूनच खावा, नाहीतर दोष पॅटीचा की डब्याचा हे कळत नाही.

पूर्णविराम

शाकंभरी यांच्या सूचनेप्रमाणे दुपारी काही ठिकाणी फोन केले. एके ठिकाणी उत्तर देणाऱ्याने घेवडा, मशरूम, ओट्स आणि जवस असे घटक न अडखळता सांगितले, पॅटी वेगळ्या तव्यावर भाजू असेही म्हणाला. परंतु बनवर अंडे लावलेले असते हे त्याने स्वतःहून सांगितले आणि बनऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळून देण्याची तयारी दाखवली. पत्नीसाठी तसे मागवावे का?

शेगडी

ठिकाण सोडू नका, पण पान नको. मशरूम आणि ओट्सची पॅटी आतून ओलसर असते आणि तिला दोन्ही बाजूंनी आधार लागतो. लेट्यूसच्या पानात ती दुसऱ्या घासाला तुटते आणि बोटांत येते. त्यांच्याकडे सँडविचसाठी साधा पाव असणारच. त्यात अंडे, लोणी, दूध काय आहे ते विचारून घ्या आणि त्याच्या दोन चकत्या तव्यावर तेलात खरपूस भाजून द्यायला सांगा. मेयोनीज वगळायला सांगताना त्याऐवजी मोहरी आणि आंबट लोणच्याचे काप जास्त मागा, नाहीतर घेवड्याची पॅटी कोरडी लागेल.